नळ चालू राहिलाय वाटतं

पाण्याच्या आवाजानं मन शांत होतं असं म्हणणारी माणसं बहुधा नदीकाठी वाढलेली असतात. आमच्याकडे पाण्याचा आवाज आला की माणूस उठून उभा राहतो. रात्री गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की सगळ्यांत आधी कोण जागं होतं, त्यावरून घरातलं कर्तं माणूस ओळखावं. पहाटे तोटीतून आधी नुसती हवा सुटते, मग दोन-चार गढूळ पिचकाऱ्या, आणि मग कळशीच्या बुडावर पडणारी धार. कळशी भरत जाते तसा आवाज बारीक आणि उंच होत जातो. किती उंच झाला म्हणजे कळशी काढायची हे अर्धवट झोपेतल्या बाईलाही कळतं. दिवसा घरात कुठेही पाणी वाहताना ऐकू आलं तर एकच वाक्य निघतं, ‘नळ चालू राहिलाय वाटतं,’ आणि म्हणणारा ते संपायच्या आत मोरीपर्यंत पोचलेला असतो.

असे कान असलेल्या घरात मी पाटीच्या दगडाचं, भिंतीवरचं कारंजं आणायचं ठरवलं.

सासूबाई लातूरच्या. २०१६ च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी गेलं. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ‘जलदूत’ म्हणून त्या गाडीचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. सासूबाई त्या गाडीविषयी फारसं बोलत नाहीत. गाडी स्टेशनात आली. त्यांच्या गल्लीत टँकरच यायचा, आणि लांबून येणाऱ्या गाड्यांतून टँकर कुठला ते त्या आजही आवाजावरून सांगतात. कारंज्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “भिंतीवरून पाणी सोडायचं? मुद्दाम?”

त्या ‘मुद्दाम’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचा फ्लॅट पुण्यात, रस्त्याला लागून. गॅलरी काचा लावून बंद केलेली, तरी रस्ता आत येतोच. त्या लांबच्या आवाजावर पांघरायला एखादा जवळचा आवाज असावा, एवढंच मला हवं होतं. मात्र घरगुती कारंजं रस्त्याला गप्प करतं, हा समज कुणाचा असेल तर त्यानं तो आधीच सोडलेला बरा. बसच्या इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली, ती भिंतीतूनसुद्धा येते. पाण्याची सळसळ वरच्या पट्टीतली. दोघांची गाठच पडत नाही. झाकला जातो तो शेजारचा टीव्ही, जिन्यातल्या गप्पा, भांड्यांचा खणखणाट. बाकी वेळी कानाला धरायला जवळचं काहीतरी मिळतं, इतकंच. दुकानदार याला ध्वनिप्रदूषणावरचा उपाय म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या दुकानांतून मी लवकर बाहेर पडले. फायबरचे खडक, पाण्यावर गरगर फिरणारे काचेचे गोळे, दर पाच सेकंदांनी रंग बदलणारे दिवे, आणि बुद्ध. जवळजवळ प्रत्येक कारंज्यात बुद्ध, आणि निम्म्या ठिकाणी त्याच्या डोक्यावरून अखंड पाणी. ज्यानं ध्यानाला बसताना एवढी सावली शोधली, त्याला असं भिजत ठेवण्यात कुणाला कसली शांती मिळते कोण जाणे. तिथून मी फरशीवाल्याच्या यार्डात गेले, आणि तिथे मात्र रमले.

महाराष्ट्र दगडांचा देश खरा, पण बहुतेक एकाच दगडाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. किल्ले त्याचे, लेणी त्याची, पाटा-वरवंटाही त्याचाच. पण त्याचे पातळ पत्रे निघत नाहीत. सपाट दगड आपण कायम बाहेरून आणला: शहाबादी कलबुर्गीकडून, कोटा राजस्थानातून, कडप्पा आंध्रातून. हे तिन्ही चुनखडीचे. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू पिळलं आणि पुसायचं राहिलं, की सकाळी तिथली चकाकी गेलेली असते. चुनखडीला आंबट सोसत नाही. कारंज्याच्या बाबतीत हा सगळा निकाल त्या एका लिंबावर लागतो. कारण वाहतं पाणी सुकता सुकता दगडावर पांढरा थर सोडतं, तोही मुख्यतः चुन्याचाच. तो काढायला व्हिनेगर किंवा लिंबू लागतं. कडप्पा लावला तर जे थर खाईल तेच दगडही खाईल. पाटीचा दगड, म्हणजे स्लेट, मुळात चिकणमातीची, अभ्रक आणि गारेच्या बारीक कणांची. व्हिनेगर थर घेऊन जातं आणि दगडाला हात लावत नाही. काळा कडप्पा स्लेटपेक्षा स्वस्त होता आणि अधिक गुळगुळीतही. तरी मी स्लेटच घ्यायची ठरवली, ती स्वैपाकघरातल्या अनुभवावरून.

गंमत अशी, की हे दोन्ही दगड नात्यातले निघाले. यार्डवाल्याकडची स्लेट मार्कापूरची होती. आंध्रातलं हे गाव शाळेच्या पाट्यांसाठीच ओळखलं जातं, आणि भूगर्भशास्त्रज्ञ ज्याला कडप्पा खोरं म्हणतात त्यातच ते येतं. म्हणजे आमचा ओटा आणि आमचं कारंजं एकाच जुन्या खोऱ्यातून, वेगवेगळ्या थरांतून आलेलं. शंभर कोटी वर्षांहून जुना, पाण्याखाली साचलेला गाळ. तो गाडला गेला, आवळला गेला, थोडा तापला, आणि त्याची स्लेट झाली. स्लेटचे जे पत्रे सुटतात ते गाळाचे थर असावेत असं वाटतं, पण तसं नसतं. टेबलावर विस्कटलेल्या आगकाड्या दोन पट्ट्यांनी दोन्ही बाजूंनी दाबत आणल्या तर त्या सगळ्या पट्ट्यांना समांतर होतात. दगडातल्या अभ्रकाच्या चकत्यांचं तेच होतं. दाब जिकडून आला त्याच्याशी काटकोनात त्या ओळीनं बसतात, आणि छिन्नी घातली की दगड त्या ओळीत फुटतो. गाळ कसा साचला हे स्लेट विसरते. आवळलं कुणीकडून गेलं तेवढं लक्षात ठेवते.

पाटी आणि पाणी एकत्र आली की लिहिण्या-पुसण्याचं जे सुचतं ते प्रत्येकालाच सुचतं, म्हणून ते सोडून देते. आम्ही ती थुंकून बाहीनं पुसत असू, तेवढी एक नोंद.

निवड कानानंच करायची असते. लादी एका कडेला उभी धरायची आणि बोटाच्या पेरानं वाजवायची. चांगली स्लेट खणकन वाजते. आत चीर असेल किंवा पत्रा सुटत आला असेल तर आवाज बसका येतो. यार्डवाल्यानं एकेक उभी केली, मी वाजवत गेले, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला आवडलेल्या लादीत एका कोपऱ्याला सोनेरी ठिपके चमकत होते. “सोनं आहे ताई त्यात,” तो म्हणाला. ते पायराइट, लोखंड आणि गंधकाचं खनिज. पाणी आणि हवा मिळाली की गंजतं, हे मला ठाऊक होतं. ठिपके थोडे होते. लादीचा पोत सुरेख होता, वरून खाली येणाऱ्या बारीक पायऱ्या पायऱ्यांचा. मी तीच घेतली.

चार फूट उंच, दोन फूट रुंद, सव्वा सेंटिमीटर जाड. स्लेट पाण्याच्या पावणेतीन पट जड, त्यामुळे लादीच पंचवीस किलोच्या वर. स्टीलची चौकट, खालचं तबक, तबकातलं पंधरा लिटर पाणी हे धरून सगळं पन्नासच्या घरात. हल्लीच्या इमारतींत आतल्या भिंती चार इंची, त्यातही हलक्या ब्लॉकच्या. मिस्त्रींनी भिंत हातोडीच्या दांड्यानं वाजवली आणि मान हलवली. “हिच्यावर लटकवायचं नाय ताई. वजन खाली घेऊ.” त्यांनी विटांचा कट्टा बांधला, तबक त्याच्यावर ठेवलं, लादी तबकाच्या कडेवर उभी केली, आणि भिंतीला फक्त ती पुढे पडू न देण्याचं काम दिलं. कारंज्यांच्या एका कंपनीच्या माहितीपत्रकात दोन स्क्रूंवर लटकलेलं कारंजं होतं. ते चित्र कुठल्या भिंतीवर काढलं ते त्यांनाच माहीत.

लादी आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर जागा सोडली, मागच्या भिंतीला ओल न शिरणारा लेप दिला. विजेचं बटण बाजूला आणि पाण्याच्या पातळीच्या बरंच वर. वायर बटणाकडे जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर चढवली, म्हणजे तिच्यावरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, प्लगमध्ये जात नाही. गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी घरात होताच. नसता तर आधी तो बसवला असता आणि मग दगडाचं बघितलं असतं.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो वरची कड समपातळीत आणण्यात. उभ्या लादीवरून उतरणारा पाण्याचा पडदा मिलिमीटरभरही जाड नसतो. कड एक सूत कलली, म्हणजे तीन मिलिमीटर, तरी पाणी सगळं त्या बाजूला धाव घेतं आणि अर्धा दगड कोरडा राहतो. ओळंबा झाला, स्पिरिट लेव्हल झाली, आणि शेवटी मिस्त्रींनी पिशवीतून ती पारदर्शक नळी काढली. नळीत पाणी भरायचं, तिची दोन टोकं कडेच्या दोन टोकांना धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं, मग मधल्या नळीचे कितीही वेढे असोत. पाण्यासाठीची पातळी पाण्यानंच ठरवली. एका बाजूला पत्र्याची चकती सरकवली, परत नळी धरली, चकती बदलली. सासूबाई खुर्ची घेऊन समोर बसल्या होत्या. विरोध होता, पण काम बघायला त्यांना आवडतं.

पंपाची एक गोष्ट विकत घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. खोक्यावर तासाला इतके लिटर असं लिहिलेलं असतं, ते पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हाचं. जितकं उंच चढवाल तितकं कमी होतं, आणि खोक्यावरच्या कमाल उंचीला तर शून्य. चार फुटांसाठी कमाल सहा फुटांचा, अठरा वॅटचा पंप घेतला. रोज आठ तास चालवला तर आठवड्याला जेमतेम एक युनिट.

बटण दाबलं. पाणी कडेवरून आलं, सगळी लादी एका दमात राखाडीची काळी झाली, आणि आवाज काहीच आला नाही.

भिंतीवरच्या कारंज्याचं हे गुपित आहे. दगडाला चिकटून उतरणारं पाणी मुकं असतं. बघायला मात्र ते फार आहे. वरच्या वीतभर भागात गुळगुळीत असतं, मग त्याच्यावर आडव्या सुरकुत्या उठतात, मागची सुरकुती पुढचीला गाठते, दोन मिळून एक होतात आणि जोरानं खाली जातात. या लाटांचा अभ्यास प्योत्र कापित्सा या रशियन शास्त्रज्ञानं केला. १९४६ मध्ये सरकारची मर्जी गेली, संस्था हातातून गेली, आणि तो मॉस्कोबाहेरच्या आपल्या घरात प्रयोगशाळा मांडून बसला. १९४८-४९ च्या सुमाराचं हे काम, मदतीला मुलगा. त्याला १९७८ मध्ये नोबेल मिळालं ते वेगळ्याच, अतिशय कमी तापमानाच्या भौतिकशास्त्रातल्या कामासाठी. पण सत्तेनं घरी बसवलेला माणूस उभ्या पृष्ठभागावरून ओघळणारं पाणी बघत बसला, ही गोष्ट मला त्या नोबेलपेक्षा जवळची वाटते.

आवाज येतो तो खाली, पाणी पाण्यात पडतं तिथे. तोही आपटण्याचा फारसा नसतो. पडणारा थेंब आपल्याबरोबर हवेचा बुडबुडा खाली ओढतो, तो बुडबुडा पाण्याखाली आकसतो-फुगतो, आणि आपण ऐकतो ते त्याचं कंपन. शास्त्रज्ञ मिनार्ट यानं १९३३ मध्ये त्याचं गणित मांडलं: बुडबुडा लहान तेवढा स्वर उंच, एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे सव्वातीन हजार कंपनं करतो. झऱ्याची खळखळ म्हणजे अशा हजारो लहानमोठ्या बुडबुड्यांचा एकत्र गलका. म्हणजे कारंजं वाजवायचं असेल तर लादीला विसरून तबकाकडे बघायला हवं. मी तबकात नदीतले गोटे घातले. आवाज झाला, पण चरचरीत, कानाला बोचणारा. गोटे हलवले, पंपाचा कॉक कमी-जास्त केला.

“खाली पाणी कमी पडतंय त्याला,” खुर्चीवरून आवाज आला. “दगडावर पडतंय ते. म्हणून वरडतंय. दोन तांबे घाल.”

मी घातले. गोटे जेमतेम बुडाले, आणि चरचर जाऊन त्या जागी भरलेला, गोल आवाज आला. “आता जरा कमी सोड वरून.” कॉक फिरवला. “अजून. हां, बास.” भरत्या कळशीचा स्वर आयुष्यभर ऐकलेल्या बाईनं ते पाच मिनिटांत लावून दिलं, आणि मग म्हणाल्या, “आता बंद कर. वीज जळायली उगी.”

भिंतीतून पाणी काढण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचं पाणी एका दगडी गोमुखातून कुंडात पडतं. काश्मीरच्या निशात बागेत कोरीव दगडी उतारांवरून पाणी घसरत येतं; खवल्याखवल्यांचं ते कोरीवकाम पाणी फुटावं, पांढरं दिसावं म्हणूनच. दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या सावन आणि भादों या मंडपांत पाण्याच्या पडद्यामागे कोनाडे आहेत, रात्री त्यांत दिवे ठेवत. इथे पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी बंदिस्त नळानं शहरात आलं, आणि शनिवारवाड्यात सवाई माधवरावांच्या लहानपणी सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजं झालं. यांतल्या कशालाच पंप नव्हता. पाणी उंचावरून येई, वाटेत थोडी शोभा करी आणि पुढे जाई, हौदात, बागेत, ओढ्यात. आमच्या कारंज्यातलं पाणी कुठेही जात नाही. तेच पंधरा लिटर वर चढतं आणि खाली येतं.

मला वाटलं होतं, हे सांगितलं की सासूबाईंचं समाधान होईल. “आई, एक थेंब वाया जात नाही. तेच पाणी फिरतं.”

“तेच?” त्या म्हणाल्या. “मग शिळं की ते.”

वाया जाण्याच्या भीतीपेक्षा ही हरकत जुनी निघाली. नळाला नवं पाणी आलं की कालचं भरलेलं ओतून द्यायचं, भांडं घासायचं, ताजं भरायचं. दुष्काळी गावांतल्या बायकांनीही जमेल तेव्हा हा नेम पाळलेला आहे. उरलेलं झाडांना, अंगणाला, पण पिण्याच्या हंड्यात शिळं नको. आठवडा आठवडा तेच पाणी घुसळत ठेवायचं आणि त्याकडे बघून प्रसन्न व्हायचं, हे त्यांच्या स्वच्छतेत बसेना. आणि त्यांचं शास्त्रालाही धरून होतं. डेंग्यूचा डास स्वच्छ पाणी साठलेल्या जागी अंडी घालतो, आणि तीही पाण्यात नाही, भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. कोरडी पडली तरी ती महिनोन् महिने टिकतात. कारंजं दिवसा वाहतं, पण रात्री बंद असतं. त्यामुळे पाणी नुसतं बदलून भागत नाही, तबकाची कड घासावी लागते. आठवड्याचा कोरडा दिवस आमच्याकडे शनिवारी असतो. जुनं पाणी कुंड्यांना जातं, म्हणजे ‘एक थेंब वाया जात नाही’ हे माझं वाक्य तसं खरंच राहिलं.

रोजचे तांबा-दोन तांबे मात्र हवेत जातातच, आणि उन्हाळ्यात जास्त. पाणी जातं, क्षार मागे राहतात. वरून आणखी क्षारांचं पाणी घातलं की थर वाढत जातो. आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वापरून टाकावं असं घरात कुणालाही पहिल्यांदा सुचतं. नेमकं ते नको, कारण यंत्रानं काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. चालतं ते एसीचं. हवेतली वाफ थंड पडून झालेलं ते पाणी, क्षार जवळजवळ नसलेलं. एप्रिल-मे मध्ये कारंजं सर्वांत जास्त पाणी मागतं आणि तेव्हाच एसी सर्वांत जास्त गळतो, हा योग सासूबाईंनी हेरला. एसीच्या नळीखालची बादली आता त्यांच्या ताब्यात आहे. पावसाळ्यात आम्ही कारंजं बंदच ठेवतो. हवेत एवढी ओल असताना आणखी ओल घरात कशाला.

लातूरहून त्यांच्या बहिणीचा फोन येतो तेव्हा त्या गॅलरीतच, कारंज्यासमोर बसलेल्या असतात. पहिल्या वेळी पलीकडून इतक्या मोठ्यानं विचारणा झाली की मला स्वैपाकघरात ऐकू आलं, “अगं, नळ चालू राहिलाय का तुमचा? बंद कर आधी, मग बोल.” सासूबाईंनी काय आहे ते सांगितलं नाही. बटण बंद केलं आणि मग बोलल्या. अजूनही तसंच करतात. बहिणीला इकडे आल्यावर दाखवू म्हणतात, फोनवर नको.

मधल्या काळात सोनेरी ठिपक्यांनी अपेक्षेप्रमाणे रंग दाखवला. कोपऱ्यातून एक तांबूस-तपकिरी ओघळ खाली उतरला आहे. ज्या गाळात प्राणवायू पोचत नव्हता तिथे हे खनिज तयार झालं; आमच्या गॅलरीत त्याला प्राणवायू आणि पाणी दोन्ही भरपूर मिळालं. नवऱ्याच्या मते लादी बदलावी. सासूबाई म्हणतात, लिंबू चोळून बघावं. मी मिस्त्रींना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला: आणखी वाढंल, पण दगडाला धोका नाही, तुमच्या डोळ्यांना चालत असेल तर राहू द्या, आणि कड बघा, डावीकडं पाणी कमी दिसतंय. डावीकडे खरंच कमी आहे. इमारत बसली असेल किंवा चकती दबली असेल. रविवारी ते नळी घेऊन येणार आहेत.